लँग पायोनियर व्हिलेज, कीन, ऑन्टारिओ: पूर्ण दिवस हाताशी ठेवूनच जा

जुनी घरं बघायची, चार फोटो काढायचे आणि परत फिरायचं, एवढंच मनात असेल तर लँग पायोनियर व्हिलेजमध्ये तुमचं काम दोन तासांत उरकेल. पण इंग्लंडमधलं घरदार सोडून जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी इथल्या जंगलात आलेल्या कुटुंबाचा दिवस कसा उगवत असेल आणि कसा मावळत असेल, हे ज्याला खरोखर समजून घ्यायचंय त्याने सकाळी दार उघडताच आत शिरावं आणि बंद व्हायच्या वेळेपर्यंत बाहेर पडू नये. मी ओशावाला राहते, एका सुपरमार्केटच्या बेकरीत पहाटेच्या पाळीला असते. पीठ, आंबवण आणि भट्टी हा माझा रोजचा विषय. त्यामुळे या परीक्षणात चुलीपाशी आणि गिरणीपाशी मी जरा जास्त रेंगाळणार आहे.

हे ठिकाण पीटरबरोच्या आग्नेयेला, कीन गावाजवळ, इंडियन नदीच्या काठी आहे. कॅनडाच्या शताब्दीच्या वर्षी, म्हणजे १९६७ साली, पीटरबरो काउंटीने ते उभं केलं. आसपासच्या भागातल्या एकोणिसाव्या शतकातल्या इमारती मूळ जागेवरून हलवून इथे आणल्या आणि त्यांचं गाव वसवलं. ओंडक्यांची घरं, चर्च, शाळा, किराणा दुकान, लोहारशाळा, पत्र्याची भांडी करणाऱ्याचं दुकान, छापखाना, हॉटेल, सगळं चालत फिरता येईल एवढ्या अंतरात. प्रत्येक इमारतीत त्या काळच्या कपड्यांतली माणसं काम करत असतात. ती नुसती उभी राहून माहिती सांगत नाहीत, हातातलं काम चालू ठेवून बोलतात. मला या जागेचं सगळ्यात जास्त कौतुक याच गोष्टीचं आहे.

जाण्याआधी एका कुटुंबाची ओळख करून घ्या, म्हणजे इथल्या वस्तू बोलायला लागतात. इंग्लंडच्या सफोक परगण्यातलं स्ट्रिकलँड घराणं. रेडन हॉल नावाचा मोठा वाडा, घरात पुस्तकं, मुली लिहिणाऱ्या, पण वडील गेल्यावर पैशाची ओढाताण. भाऊ सॅम्युअल १८२५ मध्ये अप्पर कॅनडात, म्हणजे आजच्या दक्षिण ऑन्टारिओत, आला. त्याच्या मागोमाग १८३२ मध्ये दोन बहिणी आल्या, कॅथरीन पार ट्रेल आणि सुझाना मूडी. दोघींचे नवरे ऑर्कनी बेटांवरचे, नेपोलियनशी झालेल्या लढायांनंतर अर्ध्या पगारावर घरी बसवलेले लेफ्टनंट. इंग्लंडमध्ये त्या अर्ध्या पगारात प्रतिष्ठा सांभाळता येत नव्हती, आणि कॅनडात जमीन मिळत होती. ते वर्ष कॉलऱ्याचं. सेंट लॉरेन्स नदीतल्या ग्रोस बेटावर त्याच वर्षी विलगीकरण केंद्र उघडलं होतं. कॅथरीनला मॉन्ट्रियलमध्ये कॉलरा झाला आणि ती त्यातून वाचली. ट्रेल मंडळी थेट डूरो टाउनशिपमध्ये, म्हणजे आजच्या लेकफील्डजवळ, सॅम्युअलच्या शेजारी गेली. मूडींनी आधी कोबर्गच्या बाजूला शेती करून पाहिली आणि १८३४ मध्ये तेही डूरोच्या जंगलात आले. लँगपासून हा सगळा भाग गाडीने फार लांब नाही. लँगमधली घरं या बहिणींची नव्हेत, हे लक्षात ठेवा. पण त्यांच्या आजूबाजूला याच जातीची घरं होती, हीच हवा होती आणि हाच हिवाळा होता.

आता ओंडक्यांच्या घरात चला. आत पाऊल टाकलं की पहिल्यांदा जाणवतो तो अंधार. खिडक्या छोट्या, कारण काच महाग आणि थंडी आत घेणं त्याहून महाग. ओंडक्यांच्या मधल्या फटी लाकडाच्या चिपा आणि चुना-मातीने बुजवलेल्या. एका भिंतीला मोठी चूल, तिच्यात लोखंडी आकडा, आकड्याला टांगलेलं भांडं. माझ्याबरोबर माझ्या सासूबाई होत्या, उन्हाळ्यात आमच्याकडे राहायला आलेल्या. त्या दारातच थांबल्या, छताकडे बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, धूर सगळा घरातच राहत असेल. या बाईचे डोळे गेले असतील." चुलीपाशी बसलेल्या बाईंना मी ते इंग्रजीत सांगितलं. त्या म्हणाल्या, धुरांडं चांगलं ओढत असेल तर एवढा त्रास नाही, पण वारा उलटा फिरला की सगळ्यांनी बाहेर जायचं, मग बर्फ पडत असला तरी.

त्या बाई तीन पायांच्या बिडाच्या भांड्यात पाव भाजत होत्या. या भांड्याला जड, काठ वर वळलेलं झाकण असतं. खाली निखारे पसरायचे, त्यावर भांडं ठेवायचं, आणि झाकणावरही निखारे रचायचे, म्हणजे वरून-खालून सारखी आच लागते. भांडं थोड्या थोड्या वेळाने फिरवावं लागतं, कारण चुलीच्या बाजूला ते जास्त तापतं. त्यांनी मला आकडीने झाकण उचलू दिलं. ते एका हाताने सरळ उचलायचं, जरा तिरकं झालं की राख पावावर. मनगट भरून आलं. पावाची कड चुलीच्या बाजूला गडद झाली होती, पलीकडची फिकट होती. मी रोज पहाटे काचेतून बघत, बटण दाबून, अंशांचा आकडा ठरवून पाव भाजते. इथे आच किती आहे ते हात आत धरून, तो किती वेळ तग धरतो यावरून ठरवायचं. सुझाना मूडीने जंगलात केलेला पहिला पाव असाच करपला होता, तिने ते स्वतः लिहून ठेवलंय. सफोकच्या वाड्यात स्वयंपाकीण असायची. या मुलीने आयुष्यात कणीक मळलेली नव्हती.

मी बाईंना विचारलं, आंबवण कशाचं? त्यांनी कपाटातून मातीचा बुडकुला काढला. हॉप्सची, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या वेलीची, फुलं उकळून त्या पाण्यात पीठ आणि कुस्करलेला बटाटा घालून आंबवलेलं होतं. वास आंबूस, जरासा कडवट. हॉप्स नसतील तर कोंड्यावर किंवा नुसत्या मीठ-पिठाच्या कोमट मिश्रणावर भागवायचं, आणि हिवाळ्यात ते गोठू नये म्हणून रात्री उबेला ठेवायचं. आंबवण मेलं तर शेजारणीकडे मागायला जायचं, आणि शेजारीण म्हणजे जंगलातून चांगली लांबची वाट. हे ऐकल्यावर कॅथरीन ट्रेलने १८५५ मध्ये नव्याने येणाऱ्या बायकांसाठी जे मार्गदर्शक पुस्तक काढलं, त्यात आंबवणावर एवढी पानं का खर्च केली ते कळतं. आंबवण नसलं की घरात पाव नाही, आणि डुकराचं खारवलेलं मांस, बटाटे व पाव याशिवाय त्या घरात खायला फारसं नसायचं. चहा-कॉफी परवडेना तेव्हा सुझानाने डँडेलियनची मुळं भाजून, कुटून त्यांची कॉफी केली होती. आपल्या अंगणात आपण तण म्हणून उपटतो तीच ही पिवळी फुलं.

अशाच एका दुसऱ्या ठिकाणी, नाव घेत नाही, मी पैसे भरून जुन्या पद्धतीच्या पावाच्या वर्गाला बसले होते. तिथे पाकिटातलं यीस्ट टेबलाखालून घालत होते आणि विचारल्यावर विषय बदलत होते. लँगमध्ये मला तसं काही दिसलं नाही. जे विचारलं त्याला सरळ उत्तर मिळालं, आणि जिथे त्यांना खात्री नव्हती तिथे त्यांनी तसं सांगितलं.

घराबाहेर राखेचं पिंप आहे, तिथून घाईने पुढे जाऊ नका. जंगल साफ करायचं म्हणजे प्रचंड झाडं तोडायची, शेजाऱ्यांना बोलावून ओंडके ढिगांत रचायचे आणि जाळायचे. त्या राखेवर पाणी ओतून खार काढायचा. चरबीबरोबर तो उकळला की साबण, आणि आटवून घट्ट केला की पोटॅश, म्हणजे कारखान्यांना लागणारा क्षार. नव्या शेतकऱ्याच्या हातात रोकड येण्याचा पहिला मार्ग बहुतेक वेळा हाच असे, कारण गहू उगवेपर्यंत विकायला दुसरं काही नसे. बुंधे मात्र जमिनीतच राहत. ते कुजून सैल व्हायला वर्षं लागत, तोवर त्यांच्या मधूनमधून कुदळीने खणून पेरायचं. हे सगळं करायला मजूर ठेवावा तर पैसे नाहीत, आणि स्वतः करावं तर लेफ्टनंटसाहेबांना कुऱ्हाड धरायची सवय नाही. मूडी मंडळींची जमापुंजी अशीच आटत गेली. सॅम्युअल स्ट्रिकलँड मात्र टिकला, त्याचं कारणही इथेच सापडतं. तो तरुणपणीच आला होता, जमिनी विकून वसाहत करणाऱ्या कॅनडा कंपनीत जॉन गॉल्टच्या हाताखाली गेल्फ आणि गॉडरिचकडे काम करून जंगल साफ करणं, रस्ते काढणं शिकला होता, आणि मग १८३१ च्या सुमारास डूरोला आला. एकाच घरातली भावंडं, एकच जंगल, पण एकाच्या हाताला काम येत होतं.

गिरणी हा माझ्या मते या भेटीचा कळस. थॉमस शॉर्टने १८४६ मध्ये नदीवर बांधलेली ही दगडी गिरणी आजही मूळ जागेवर उभी आहे. सासूबाई दिवसभर मागे मागे चालत होत्या, पण दगडांपाशी आल्यावर त्या पुढे झाल्या. त्यांनी दगडातल्या खाचांवर हात फिरवला आणि विचारलं, "यांना टाकी कोण लावतं?" त्यांच्या माहेरी जातं होतं, पाथरवट दारावर येऊन जात्याला टाकी लावून जायचा, नाहीतर पीठ भरडच निघायचं. इथेही अगदी तेच. खाचा झिजल्या की वरचा दगड उचलून, उलटा करून, छिन्नीने पुन्हा धार काढायची. हे काम करणारे कारागीर गिरणी ते गिरणी फिरत असत. सासूबाईंनी मग मला विचारायला लावलं की दळणावळ किती. अप्पर कॅनडात १७९२ च्या कायद्याने गिरणीवाल्याचा वाटा ठरवून दिला होता, बाराव्या हिश्शाहून जास्त धान्य त्याने घ्यायचं नाही. पैसा नसलेल्या मुलखात हाच व्यवहार सोयीचा. गिरणी जवळ नसेल तेव्हा लोक गव्हाचं पोतं पाठीवर घेऊन किंवा होडीत घालून मैलोन् मैल जात, नाहीतर कॉफीच्या यंत्रात दळत. पहिल्यांदा आलेल्या कुटुंबांना गिरणी झाली म्हणजे काय झालं, हे पोतं उचलल्याशिवाय कळत नाही. शक्य असेल तर उचलून बघा.

गव्हाचा विषय निघालाच आहे तर डेव्हिड फाइफचं ओंडक्यांचं घर चुकवू नका. फाइफ इंग्रज नव्हे, स्कॉटिश, पण त्याने जे केलं त्याने सगळ्या कॅनडाच्या शेतकऱ्यांचं नशीब पालटलं. ओटोनाबी टाउनशिपमधल्या त्याच्या शेतात १८४२ मध्ये ग्लासगोच्या मित्राकडून आलेलं गव्हाचं थोडं बी पडलं. त्यातून तांबेरा झेलणारा, कडक दाण्याचा गहू निघाला, तोच रेड फाइफ. पुढे प्रेअरीपर्यंत, म्हणजे पश्चिमेकडच्या गवताळ मैदानांपर्यंत, हाच पेरला जाऊ लागला. घरच्या गायीने ती कणसं जवळपास खाऊनच टाकली होती आणि फाइफच्या बायकोने उरलेली वाचवली, अशी आख्यायिका इथे सांगतात. मला त्याच्या पुढचा भाग जास्त आवडतो. रेड फाइफचा संकर हार्ड रेड कलकत्ता या हिंदुस्थानातून आलेल्या गव्हाशी केला गेला, आणि त्यातून ओटावात चार्ल्स सॉन्डर्सने मार्क्विस हा वाण निवडला. मार्क्विस लवकर पिकायचा, त्यामुळे थंडीच्या तडाख्यातून वाचायचा. सॉन्डर्स दाणे चावून चावून त्यातला चिकटपणा तपासत असे. मी कणकेचा गोळा ताणून बघते तेव्हा तेच तर शोधत असते. सासूबाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "म्हणजे आपलाच गहू आहे की यात."

बाकीच्या गावाबद्दल थोडक्यात सांगते. जॅकार्ड माग बघण्यासारखा आहे, भोकं पाडलेल्या पत्त्यांवरून नक्षी कशी विणली जाते ते विचारा. छापखान्यात मुलं रमतात. लोहारशाळेत गर्दी होते, लवकर जा. शाळा आणि चर्च छान आहेत, मी तिथे जास्त थांबले नाही.

आता एक मर्यादा, जी अशा कुठल्याही खुल्या संग्रहालयाला असणारच. इथे हिरवळ कापलेली आहे, वाटा कोरड्या आहेत, घरं जवळ जवळ आहेत. डूरोत तेव्हा जे होतं त्यातलं पुष्कळसं उभं करताच येत नाही. चिखलात आडवे ओंडके टाकून केलेले रस्ते, जळालेल्या बुंध्यांचं शेत, डासांचे थवे, आणि दर उन्हाळ्यात घरातल्या एकेकाला गाठणारा हिवताप. कॅथरीनला, तिच्या नवऱ्याला, मुलांना, कामाच्या मुलीला एकाच वेळी थंडी वाजून आल्याचे दिवस त्या घराने काढले. बाळंतपणं त्यातच. कॅथरीनला नऊ मुलं झाली, सुझानाला सात, आणि दोघींनीही त्यातली काही गमावली. म्हणून माझं म्हणणं आहे की डोक्यात त्या दोघींचं आयुष्य घेऊनच इथे या. प्रत्येक घरात शिरताना विचारा की इथे ताप आलेलं मूल कुठे झोपवलं असेल, पाणी किती लांबून आणलं असेल. ते प्रश्न विचारल्यावर काम करणारी माणसंही खुलतात.

आणखी एक गोष्ट, जिच्याशिवाय ही भेट अपुरी राहील. ही जमीन रिकामी नव्हती. मिची सागीग अनिशिनाबे हे मूळनिवासी लोक इथे पिढ्यान् पिढ्या राहत होते. नोव्हेंबर १८१८ मधल्या करार क्रमांक २० ने या भागातली जवळजवळ वीस लाख एकर जमीन वर्षाला ७४० पौंडांच्या मालाच्या बदल्यात ब्रिटिशांनी घेतली. मगच १८२५ मध्ये पीटर रॉबिन्सनने आणलेली आयरिश कुटुंबं आली, आणि त्यांच्या मागोमाग हे अर्ध्या पगारावरचे अधिकारी. स्ट्रिकलँड बहिणींनी जंगलातलं कुठलं मूळ खावं, भुईत काय पेरावं, टोपल्या कशा विणाव्या हे या लोकांकडून शिकून घेतलं. मासे आणि हरणाचं मांस देऊन कठीण हिवाळ्यात त्यांना जगवलं तेही याच शेजाऱ्यांनी. त्यांच्यापैकीच हायवाथा फर्स्ट नेशन या मूळनिवासी समूहाची वस्ती इथून जवळच, राइस लेकच्या काठी आहे. अनिशिनाबे जीवनाविषयीचा भाग गावात आहे तो शेवटी उरकायचा म्हणून ठेवू नका. मी तर म्हणेन तिथूनच सुरुवात करा आणि मग ओंडक्यांच्या घरांकडे वळा.

छापखान्यातल्या तरुणाशी सुझानाबद्दल बोलणं झालं. तिचं घर शेवटी शेतीने तरलं नाही, लेखणीने तरलं. १८३७ मध्ये अप्पर कॅनडात सरकारविरुद्ध बंड झालं, तेव्हा नवरा सैन्यात गेला, हाती पगार आला आणि देणी फिटू लागली. ती मुलांना सांभाळत शेत बघत होती, रात्री दिवा परवडेना तेव्हा चिंध्यांच्या वातीच्या उजेडात मॉन्ट्रियलच्या मासिकासाठी लिहीत होती. तिने लेफ्टनंट गव्हर्नर जॉर्ज आर्थरला थेट पत्र लिहून नवऱ्यासाठी कायमची नोकरी मागितली. नवरा शेरीफ झाला आणि १८४० च्या जानेवारीत ती मुलांना घेऊन बर्फगाडीतून बेलव्हिलला गेली. कॅथरीन मात्र याच भागात राहिली. राइस लेकजवळचं तिचं घर १८५७ मध्ये जळालं, दोन वर्षांनी नवरा गेला. ती लेकफील्डला राहून रानफुलं गोळा करत, वाळवत, त्यांच्याबद्दल लिहीत राहिली आणि १८९९ मध्ये ९७ व्या वर्षी वारली.

व्यवहाराचं सांगायचं तर गाडीशिवाय इथे येणं अवघड आहे. हा मुख्यतः उन्हाळ्याचा कारभार, तेव्हा निघण्याआधी उघडण्याचे दिवस आणि त्या दिवशीचे कार्यक्रम बघून घ्या. जेवणाचा डबा बरोबर घ्या, नदीकाठी बसून खायला सावली आहे. डासांचं मलम विसरू नका. गुडघे दुखणाऱ्या माणसाला बरोबर आणत असाल तर घरांच्या उंबऱ्यांपाशी आणि गिरणीच्या पायऱ्यांवर हात द्यावा लागेल, आमच्या सासूबाईंना लागला. लहान मुलांना आधी लोहार, मग छापखाना दाखवा, म्हणजे मोठ्यांना चुलीपाशी निवांत बसता येईल. आणि दुसरा दिवस मोकळा असेल तर लेकफील्डला जा. सॅम्युअल स्ट्रिकलँडचा हातभार लागून १८५४ च्या सुमारास बांधलेलं छोटं दगडी क्राइस्ट चर्च तिथे आहे, आणि सॅम्युअलची कबरही तिथल्याच आवारात.